वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लब लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियमचं भाडं भरतो, तरी तिथल्या करदात्यांना तोटा कसा? आपल्याकडची स्टेडियमं क्लबांना भाड्यानं द्यावीत का?

भाडं आलं म्हणजे कमाई झाली, असं धरून तुम्ही विचारलं आहे. तिथंच गाडी अडते. मी बडोद्याला एका निमसरकारी संस्थेच्या लेखाशाखेत ३१ वर्षं नोकरी केली. या एका गोष्टीवरून घरात आणि ऑफिसात इतकं ऐकून घेतलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आधी लंडनचं सांगते. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी ८०,००० प्रेक्षकांचं स्टेडियम सरकारी पैशानं उभं राहिलं. मूळ बेत असा होता की खेळ संपले की वरचा भाग उतरवायचा आणि २५,००० खुर्च्यांचं अ‍ॅथलेटिक्सचं मैदान ठेवायचं. पुढे बेत फिरला. फुटबॉल आणायचं ठरलं, पण धावपट्टीही हवीच होती. मग नवं अवाढव्य छप्पर आलं आणि धावपट्टीवर पुढे सरकवता येतील अशा खुर्च्या आल्या. नुसत्या या फेरबदलाचं बिल ३२ कोटी ३० लाख पौंडांवर गेलं, त्यात क्लबचा वाटा दीड कोटी. करार २०१३ मध्ये झाला, ९९ वर्षांचा. भाडं वर्षाला २५ लाख पौंड, महागाईप्रमाणे वाढणारं, आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला तर निम्मं.

करारातली कलमं लोकांना दाखवायला तिथलं महामंडळ, म्हणजे ऑलिम्पिकनंतर तो परिसर सांभाळणारी सरकारी संस्था, तयार नव्हतं. फुटबॉलप्रेमींच्या संघटनांनी माहितीच्या कायद्याखाली पाठपुरावा केला, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं, तेव्हा कुठे २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळं बाहेर आलं. सामन्याच्या दिवशीची बंदोबस्ताची माणसं, वीज, गवताची निगा, अगदी गोलपोस्ट आणि कोपऱ्यातले झेंडेसुद्धा घरमालकाच्या खर्चात! त्या सरकत्या खुर्च्या मागेपुढे करायला वर्षाला तीन लाख पौंड लागतील असा हिशेब धरला होता, तो ८० लाखांवर गेला. स्टेडियमचं नाव एखाद्या कंपनीला विकून खड्डा भरू म्हणाले, तर वर्षानुवर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही. महापौर सादिक खान यांनी चौकशी लावली. २०१७ च्या डिसेंबरात अहवाल आला, वर्षाला साधारण दोन कोटी पौंडांचा तोटा दिसला, आणि महापौरांनी स्टेडियम स्वतःच्या ताब्यात घेतलं. न्यूहॅम म्हणजे ज्या भागात ते स्टेडियम आहे तिथली नगरपालिका. लंडनमधला तो गरीब भाग. त्यांनी घातलेले चार कोटी पौंड बुडाले.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की भाडं ठरलेलं आणि खर्च मोकाट. क्लब जितके सामने खेळेल तितकं घरमालकाचं मीटर फिरणार.

मीटर हा शब्द मी उगाच वापरला नाही.

आमच्या संस्थेचं एक मैदान होतं, जनतेच्या पैशातून झालेलं. चार खांब, प्रत्येकावर हजार वॅटचे चार दिवे. १९९५ साली ते एका फुटबॉल क्लबाला आठवड्यातल्या तीन संध्याकाळी द्यायचं ठरलं, महिना १,५०० रुपये भाड्यानं. क्लबाच्या कमिटीत आमचे धाकटे दीर होते. ते मुलांना शिकवायचेही. माणूस हौशी, पदरचे पैसे घालून मुलांना बूट आणून द्यायचा, हे मी तेव्हाही मान्य करत होते. ठराव झाला, पेढे वाटले, पहिला चेक माझ्याच टेबलावर आला आणि मीच तो चोपड्यात जमा केला.

तीन-चार महिन्यांनी विजेचं बिल फुगलेलं दिसायला लागलं. मैदान आणि ऑफिस मिळून मीटर एकच, त्यामुळे कुणाचं किती ते कळायला मार्ग नाही. वरचे साहेब म्हणाले, उन्हाळा आहे, पंखे चालतात. पावसाळा गेला, थंडी आली, पंखे बंद झाले, बिल तसंच. शेवटी आमच्या वायरमनला सांगून दिव्यांच्या लायनीवर सबमीटर बसवून घेतलं. एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी मुद्दाम थांबले. मीटरच्या काचेआड ती अ‍ॅल्युमिनियमची चकती असते ना, कडेला तांबडी खूण असलेली, ती दिवसभर जागची हलली नव्हती. सहा वाजता मुलं आली, खटका ओढला, दिवे आधी जांभळट, मग हळूहळू पांढरे झाले, आणि चकती अशी सुटली की तांबडी खूण डोळ्यांना धरता येईना. वायरमन टॉर्च धरून शेजारी उभा होता. म्हणाला, ‘बेन, आ तो दोडे छे.’

नऊ वाजता आकडा लिहून घेतला, ४८ युनिट. पुढचा पूर्ण महिना मी रोज लिहीत गेले. तेरा संध्याकाळी, ६२४ युनिट. तेव्हाच्या साडेतीन रुपये दरानं २,१८४ रुपये. रखवालदाराचा ओव्हरटाइम ६०० रुपये वेगळा. रेषा मारायला चुन्याच्या गोण्या लागायच्या, त्याही आमच्याच स्टोअरमधून जात होत्या, आणि माळ्याचा एक दिवस गवताला. १,५०० रुपये घ्यायला आम्ही महिन्याला तीन हजारांच्या वर घालवत होतो. कुलूप लावून मैदान नुसतं ठेवलं असतं तर स्वस्त पडलं असतं.

मी फाइलवर नोट लिहिली. क्लबाला मैदान देऊ नका असं त्यात एका अक्षरानं म्हटलं नव्हतं. दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. सबमीटरप्रमाणे विजेचं बिल क्लबाकडून घ्यावं. आणि मुलांसाठी ते माफ करायचं असेल, तर जरूर करावं, पण तेवढी रक्कम अनुदान म्हणून अंदाजपत्रकात दाखवावी आणि तिला समितीची मंजुरी घ्यावी. फाइल दोनदा ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत आली. तिसऱ्यांदा ऑडिटवाल्यांनी तीच नोट वाचली आणि मग सगळे जागे झाले. कराराच्या नूतनीकरणात विजेचं कलम घातलं. अनुदानाचं कुणी नावच काढलं नाही. क्लबानं दोन महिने बिल भरलं आणि मैदान सोडलं.

त्या वर्षी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गणपतीला सगळे जमले होते. आरती झाली, मी तबक घेऊन उभी, आणि भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही पोरांच्या तोंडचं मैदान काढून घेतलंत. पडून राहण्यापेक्षा चार पैसे येत होते ना?’ सासूबाई होत्या, पाहुणे होते. मी बोलले नाही. प्रसाद वाटला.

‘पडून राहण्यापेक्षा चार पैसे येतात’ हेच लंडनमध्येही म्हणत होते. ऑलिम्पिकचं स्टेडियम ओस पडलं तर नाचक्की होईल, या धास्तीनं घरमालकच आधी वाकला. भाडेकरूला एकदा कळलं की घरमालक अगतिक आहे, की पुढचं प्रत्येक कलम त्याच्या सोयीनं लिहिलं जातं. पुढे तिथल्या महामंडळानंच उघड सांगितलं की क्लबाच्या भाड्यातून सामन्याच्या दिवसाचा खर्चसुद्धा निघत नाही. घरात बसून राहिल्यापेक्षा दुकान उघडून बसावं हे खरं, पण दुकानाची बत्ती रोजच्या गल्ल्याहून महाग पडत असेल तर नाही.

आणि दुसऱ्या रीतीनंही करता येतं. मँचेस्टरचं स्टेडियम २००२ च्या राष्ट्रकुल खेळांसाठी बांधलं, मालकी तिथल्या महापालिकेची. मँचेस्टर सिटी क्लब तिथं खेळणार हे आधीच पक्कं होतं. म्हणून खेळ संपताच धावपट्टी उखडली, मैदान खाली खोदलं, तिथं आणखी खुर्च्या बसवल्या आणि २००३ मध्ये क्लब राहायला आला. सरकत्या खुर्च्यांची भानगडच नाही, आणि स्टेडियम चालवण्याचा खर्च क्लबाचा. सुरुवातीला महापालिकेचा हिस्सा तिकीटविक्रीशी बांधलेला होता. जुन्या मैदानात मावत होते त्याहून जास्त प्रेक्षक आले की त्या वाढीव विक्रीतून पैसे. गर्दी वाढली तर घरमालकालाही मिळालं. लंडनच्या मंडळींना हे उदाहरण आपल्याच देशात दहा वर्षं आधीचं दिसत होतं.

वेस्ट हॅमला मी चोर म्हणत नाही. त्यांनी आपल्या फायद्याचा सौदा केला, ते त्यांचं कामच. अप्टन पार्क या जुन्या मैदानावरचं ११२ वर्षांचं घर सोडून ते आले, त्यांच्या कित्येक जुन्या चाहत्यांना तर ही धावपट्टीआडची दूरची खुर्ची आजही रुचत नाही. आणि तिथं अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धा होतात, संगीताचे मोठे कार्यक्रम होतात, म्हणजे सगळाच पैसा फुटबॉलच्या पायी गेला असंही नव्हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. द्यावीत का? जरूर द्यावीत, मुलांना तर आधी. आपल्याकडे नवरात्रात मैदानं गरब्याला देतात, तेव्हा जनरेटर, मंडप, साफसफाई सगळं आयोजकाच्या माथी असतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. क्लबाच्या बाबतीतच आपण का लाजतो? तुमच्या गावात असा ठराव येणार असेल तर भाड्याचा आकडा नंतर विचारा. आधी वीज, पाणी, रखवालदार, गवत, ही चार बिलं कुणाच्या नावानं फाटणार ते लेखी मागा. मीटर वेगळं घ्या. आणि सवलत द्यायचीच असेल तर ती अनुदान म्हणून लिहा, भाड्याच्या पोटात लपवू नका. अनुदान दरवर्षी सभेत येतं, त्यावर लोक बोलू शकतात. लपवलेली सवलत करार संपेपर्यंत कुणाला दिसत नाही, आणि लंडनचा करार तर ९९ वर्षांचा आहे.

माझ्या नोटेतला दुसरा मुद्दा समितीनं घेतला असता तर भाऊजींची मुलं त्याच मैदानावर, त्याच दिव्यांखाली खेळत राहिली असती. महिन्याला दोन-सव्वादोन हजार रुपयांचा प्रश्न होता, मंजूर झालाही असता. क्लबाच्या कमिटीतल्या एकानंही तसा अर्ज केला नाही, कारण मग मदत घेतो हे कबूल करावं लागलं असतं.

भाऊजी हल्ली फोनवर बरंच काही वाचतात. हेही वाचनात येईल. सबमीटरच्या त्या महिन्याच्या नोंदींचा कागद माझ्या कपाटात आहे, तेराही संध्याकाळच्या तारखांसकट, आणि खाली वायरमनची सही आहे. या रविवारी घरी या, दाखवते.