विंडोज ११ वर डिजिटल सही (साइन) नसलेला ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केल्यावर ‘कोड ५२’ (ड्रायव्हरची सही पडताळता येत नाही) येतो. कायमचा उपाय काय?

‘कायमचा’ हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. याच कायमच्या उपायापायी आमच्या घरचं चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, रेकॉर्डिंग गेलं.

तुमचा जुना ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ७ दाबून, म्हणजे सहीची तपासणी बंद करून, ड्रायव्हर बसवलात आणि तो चालला. ती सूट तेवढ्या एका बूटपुरती, म्हणजे पुढच्या रीस्टार्टपर्यंत. प्रिंटर-स्कॅनरचं कधीकधी तेवढ्यावर भागतं, कारण तिथे बहुतेक वेळा नुसत्या आयएनएफ फाइलला (ड्रायव्हर बसवायच्या सूचनांची फाइल) सही नसते आणि कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातलं, काम विंडोजचाच ड्रायव्हर करतो. तुमच्या इंटरफेसची सिस फाइल (प्रत्यक्ष ड्रायव्हर) मात्र थेट कर्नलमध्ये चढते. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासून तिथे सही तपासतं, आणि २०१६ च्या विंडोज १० आवृत्ती १६०७ पासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते. म्हणून दर बूटला ५२.

आमच्याकडेही असाच आठ इनपुटांचा इंटरफेस आहे, विंडोज ७ च्या काळातला. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी चवथीला घुमट आरती होते. दोन घुमटं आणि शामेळ (ही मातीची चर्मवाद्यं), झांज आणि म्हणणारे, इतकं सगळं वेगवेगळ्या माइकवर घ्यायचं तर दोन इनपुटांचा डबा पुरत नाही. दादाने नवा लॅपटॉप आणला होता. मी म्हटलं, जुना कॉम्प्युटर आणूया. तो म्हणाला, किती दिवस ते धूड वागवणार, टेस्ट मोड (ड्रायव्हर बनवणाऱ्यांसाठीची, सहीचे नियम सैल करणारी सोय) लावून टाकतो, कायमची कटकट मिटेल. आरतीला तासभर असताना त्याने त्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सहीची तपासणी, बंद केलं. पुढच्या बूटला निळा पडदा आला आणि डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. लॅपटॉप पुतण्याने सुरू करून दिला होता, ती रिकव्हरी की त्याच्या खात्यात, आणि तो दुसऱ्या वाड्यावर आरतीला गेलेला, फोन घरीच. माटोळीखाली (गणपतीवरच्या फळाफुलांच्या मांडवीखाली) माइक उभे, वायरी जोडलेल्या, काकांनी पहिली आरती उचललेली आणि मी त्या निळ्या पडद्यासमोर. पुतण्या आला तोवर कापूर जळून गेला होता. पुढच्या चवथीला काकांना दमाने उभं राहवेना. त्यांचा तो आवाज आमच्याकडे फक्त कुणाच्यातरी मोबाइलमध्ये आहे, मागे फटाके.

दादा अजून म्हणतो, रिकव्हरी की हाताशी असती तर झालं असतं. नसतंच झालं. टेस्ट मोडमध्येही ड्रायव्हरवर निदान स्वतः बनवलेल्या सर्टिफिकेटची सही लागते. अजिबात सही नसलेली फाइल तिथेही चढत नाही, आणि आमच्या फाइलला कसलीच सही नव्हती. शिवाय ज्या मशीनवर बँक उघडता त्याचं दार एका साउंड कार्डासाठी वर्षभर उघडं ठेवायचं, हे मला मुळातच पटत नाही. सही म्हणजे ड्रायव्हर चांगला याची हमी नव्हे, हे दादाचं म्हणणं खरं आहे. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामचे ड्रायव्हर चोरलेल्या सर्टिफिकेटांनी सही केलेलेच होते. पण कुलूप एकदा फोडलं गेलं म्हणून कुणी दार काढून ठेवत नाही.

माझं उत्तर: इंटरफेस टाकू नका, तो ज्या कॉम्प्युटरवर नीट चालत होता तो सांभाळा. विंडोज ७ ठेवा, नेट काढा, रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्या. आम्ही आता तेच करतो. चवथीच्या आदल्या दिवशी ते धूड रिक्षाने येतं आणि दादाच ते उचलून आणतो.

नव्या मशीनवरच चालवायचं असेल तर दर रेकॉर्डिंगला ७ दाबणं मला टेस्ट मोडपेक्षा बरं वाटतं. सिक्युअर बूटला हात लावायचाच असेल तर आधी बिटलॉकरची की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही करू नका. एकदा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करून) इंटरफेस लावून बघा, बरेच जुने इंटरफेस तिथे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. आणि हे आधीच विचारायला हवं होतं: तुमचा ड्रायव्हर ३२ बिटचा तर नाही ना? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर तो कशानेच चढणार नाही.