बीएस्सीनंतर चौथं वर्ष ऑनर्स की सरळ एमएस्सी? बहिणीच्या फीचा हिशोब मांडणाऱ्या भावाला उत्तर

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही चाकणला कंपनीत आहात, हातात २९ हजार येतात, त्यातून गाडीचा हप्ता आणि बार्शीला घरी पैसे जातात, एफडी २ लाख ८० हजारांची आहे. बहीण केमिस्ट्रीत बीएस्सी थर्ड इयरला, सरासरी ७२ टक्के, तिला फार्मा कंपनीत लॅबमध्ये काम करायचंय. घरचे म्हणतायत की बार्शीतच चौथं वर्ष ऑनर्स (म्हणजे चार वर्षांची डिग्री) करू दे, वर्षाला ३० हजारात भागतं, मग एक वर्षाची एमएस्सी करेल. ती म्हणतेय आत्ताच पुण्याला दोन वर्षांची एमएस्सी.

पहिली गोष्ट, दोन्ही रस्त्यांनी वर्षं सारखीच लागतात, ३ अधिक २ पण पाच आणि ४ अधिक १ पण पाच, त्यामुळे ऑनर्सने एक वर्ष वाचतं असं जे घरात बोललं जातंय ते आधी डोक्यातून काढा. फरक एवढाच की चौथं वर्ष घरून होतं की बाहेरून, आणि मधेच काही अडलं तर हातात काय उरतं.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच हिशोब केला. पुण्यात राहणं-जेवण महिना ११ हजार, दहा महिने धरले तर १ लाख १० हजार, वर फी आणि जर्नल-पुस्तकं ३० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार आणि दोन वर्षांचे बरोबर २ लाख ८०. तुमची पूर्ण एफडी! हे मला अजिबात मान्य नाही. कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला किंवा घरी कुणाला ॲडमिट करावं लागलं तर तुम्ही सरळ पर्सनल लोनवर जाल आणि ते फार महाग पडतं. सव्वा लाख तरी एफडीत राहिलेच पाहिजेत, त्याला शिक्षणासाठीही हात लावायचा नाही.

मग घरचं ऑनर्स बरं वाटतं, ३० हजार आणि पुढचं एक वर्ष पुण्यात १ लाख ४०, मिळून १ लाख ७०. पण हे गणित उभं आहे ते एक वर्षाच्या एमएस्सीला जागा मिळेल यावर. विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यात चार वर्षांच्या डिग्रीवाल्यांना एक वर्षाची पीजी आहे, ते बरोबर, पण आराखड्यात असणं वेगळं आणि तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात, केमिस्ट्रीत, तिला हव्या त्या स्पेशलायझेशनला सीट असणं वेगळं. आपल्याकडे महाराष्ट्रात चौथ्या वर्षाची सोय असलेलं नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि बाकीच्या बऱ्याच कॉलेजांत २०२४-२५ ला सुरू झालं, म्हणजे ही मुलं-मुली पहिल्याच बॅचेसमधली, त्यांच्या पुढे कुणी हा रस्ता चालून गेलेलं नाही. सीट नाही मिळाली तर चार वर्षांवर परत दोन वर्षांची एमएस्सी, एकूण सहा. एक वर्ष उशिरा कमावणं म्हणजे महिना २० हजार पगार धरला तरी २ लाख ४० हजार गेले. लाखभर वाचवायला एवढी रिस्क तुमच्या घराने घ्यावी असं मला वाटत नाही.

आणि ऑनर्सवरच थांबली तर? कंपन्यांच्या आर अँड डी आणि ॲनालिटिकल लॅबच्या जाहिराती बघा, तिथे एमएस्सी ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकल असंच मागतात, बीएस्सीवाल्यांना जास्त करून प्रॉडक्शन नाहीतर क्यूसीच्या (माल तपासणीच्या) शिफ्टला घेतात, आणि ऑनर्सचं चौथं वर्ष पगारात कुठे बसवायचं हे एचआरलाच अजून नीट माहीत नाहीये. उलट दोन वर्षांच्या एमएस्सीत पहिल्या वर्षानंतर सोडायची वेळ आली तरी पीजी डिप्लोमा मिळायची सोय नियमात आहे.

ऑनर्सचा खरा फायदा कुणाला, तर पीएचडी करायची असेल त्याला. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर ऑनर्स विथ रिसर्च करता येतं, चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असले तर मास्टर्स न करता पीएचडीला अर्ज करता येतो, नेट परीक्षेला बसता येतं, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार. तिथे मी डोळे झाकून चौथं वर्ष करा म्हटलं असतं. पण तिचे ७२ आहेत आणि तिला पीएचडी नकोय. एमपीएससी, बँक वगैरेला तर तीन वर्षांची डिग्रीच पुरते.

आता माझं मत. दोन वर्षांची एमएस्सीच करू दे, पण पुणे हेच एक डोक्यात धरू नका. सोलापूर विद्यापीठात केमिकल सायन्सेसचा विभाग आहे, बार्शीपासून एसटीने दीड-दोन तासांवर, जवळच चिंचोळी एमआयडीसीत फार्मा-केमिकलच्या कंपन्या आहेत. तुम्हीच चौकशी केलीय की तिथे राहणं-जेवण साडेसहा हजारात होतं. मग ६५ हजार अधिक फी वगैरे २५ हजार, वर्षाला ९० आणि दोन वर्षांचे १ लाख ८०. एफडीतून दीड लाख काढा, १ लाख ३० हजार तसेच राहू द्या, उरलेले ३० हजार दोन वर्षांत पगारातून निघतील, महिना साडेबाराशे. पुणे विद्यापीठाच्या विभागातच एन्ट्रन्समधून नंबर लागला तर मात्र पुण्याला पाठवा, तिथे जास्तीचे लाख रुपये वसूल होतात. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजसाठी मात्र नाही.

पुण्याला गेली तर वरच्या लाख-सव्वा लाखासाठी एज्युकेशन लोन घ्या, सोनं मोडू नका. चार लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, आणि हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, म्हणून ते दर महिन्याला भरत जा, १ लाख २० हजारांवर १० टक्क्यांनी महिना हजार रुपये, जमण्यासारखं आहे. एक काळजी घ्या, सहकर्जदार म्हणून वडिलांचं नाव लावा, त्यांचं पीककर्ज नियमित आहे असं तुम्ही लिहिलंय. तुमचं नाव लागलं तर ते कर्ज तुमच्या सिबिलवर दिसेल आणि दोन वर्षांनी तुम्ही घराचं लोन मागाल तेव्हा पात्रता कमी होईल. महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपचा) फॉर्म दोन्ही वर्षी वेळेत भरा, पण ते पैसे कधी येतील सांगता येत नाही, हिशोबात धरू नका.

या आठवड्यात बहिणीला दोन फोन करायला सांगा. एक तिच्या कॉलेजला, ऑनर्सला एचपीएलसी-जीसी ही फार्मा लॅबमधली तपासणीची मशिन्स हाताळायला मिळणार का आणि शिकवायला कायम शिक्षक किती. दुसरा सोलापूर विद्यापीठाला, एमएस्सीचं कोणतं स्पेशलायझेशन आहे, प्रवेशाची तारीख काय, आणि एक वर्षाच्या एमएस्सीला केमिस्ट्रीत किती सीट आहेत. सीट लेखी दाखवल्या आणि कॉलेजची लॅबही चांगली निघाली तर मला परत लिहा, मग घरच्यांच्या पर्यायाचा हिशोब नव्याने करू, कारण तेव्हा ऑनर्स आणि सोलापूरला एक वर्ष मिळून १ लाख २० हजारातच काम होईल.