रक्तातली प्रोटीन तपासून आजाराबद्दल आणि इम्युनिटीबद्दल नेमकं काय कळतं?

नमस्कार. तुम्ही विचारलंय की मुलगी बीएस्सी मायक्रो झाली, आता तिला प्रोटीनवरून इन्फेक्शन आणि इम्युनिटीचा अभ्यास करायचाय, तर जंतू शोधायचा सोडून ही मंडळी प्रोटीन कशाला शोधतात आणि त्यातून पेशंटच्या उपयोगाचं काही निघतं का. निघतं, खूप निघतं. मी 12 वर्षं सीरॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी आणि जंतूंची प्रोटीन तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, पावसाळा सरत आला की आमच्याकडे डेंग्यूच्या सॅम्पलचा ढीग लागतो, त्यामुळे डेंग्यूवरूनच सांगतो, तेच मी सगळ्यात जवळून बघितलंय.

घरात कुणाला डेंग्यू झाला असेल तर रिपोर्टवर तुम्ही एनएस1, आयजीएम आणि आयजीजी ही नावं वाचली असतील. तिन्ही प्रोटीनच आहेत. एनएस1 व्हायरसचं, बाकीच्या दोन आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी. डेंग्यूचा व्हायरस पेशीत शिरला की पेशीकडून आपली सगळी प्रोटीन एकाच सलग माळेत बनवून घेतो, साधारण 3400 अमिनो ॲसिडची माळ, आणि मग ती जागोजागी कापली जाऊन 10 प्रोटीन सुटी होतात. त्यातल्या 3 प्रोटीनपासून नवा व्हायरस बांधला जातो, उरलेली 7 त्याच्या कारखान्यात राबतात. या सातांपैकी एनएस1 मात्र पेशीतून बाहेर रक्तात सोडलं जातं, भरपूर प्रमाणात, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासून ते सापडू शकतं. आणि ते रक्तात नुसतं फिरत नाही, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल करून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर झिरपायला ते हातभार लावतं, हे 2015 मध्ये उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांतून दिसलं.

आयजीएम यायला वेळ लागतो, साधारण चौथा-पाचवा दिवस. म्हणून आपल्याकडे पहिले पाच दिवस एनएस1 आणि त्यानंतर आयजीएम अशी पद्धत आहे. लोक येऊन विचारतात, परवा निगेटिव्ह होता आज पॉझिटिव्ह कसा, तुमची लॅब चुकली का, आणि ताप चढलेलं लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला हे दिवसांचं गणित समजावणं सोपं नसतं, पण मी दर वेळी थांबून समजावतो कारण एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊन घरी बसलेला पेशंट नंतर गंभीर होऊन आलेला मी पाहिलाय. त्यात आणखी एक गोची अशी की ज्याला पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्या रक्तात जुन्या अँटीबॉडी, म्हणजे आयजीजी, असतातच, त्या एनएस1 ला चिकटून बसतात आणि मग टेस्टला ते नीट दिसत नाही, म्हणजे डेंग्यू आहे आणि एनएस1 निगेटिव्ह. आणि आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकू शकतं, त्यामुळे ते पॉझिटिव्ह आलं म्हणून आजचा ताप डेंग्यूचाच असंही छातीठोक सांगता येत नाही. एकाच रक्तातली तीन प्रोटीन, तिघांचं वेळापत्रक वेगळं, आणि ते एकत्र ठेवून वाचलं तर कळतं की पेशंट आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि ही त्याची पहिली वेळ आहे का दुसरी.

हे करायची पद्धत एलायझा, 1971 मध्ये स्टॉकहोमच्या एंग्वाल आणि पर्लमान यांनी मांडलेली. 96 खड्ड्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते, आम्ही वेल्स म्हणतो. पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्थेचं) जे डेंग्यू आयजीएम किट सरकारी दवाखान्यांत जातं त्यात वेल्सच्या तळाला माणसाचं आयजीएम पकडणारी अँटीबॉडी आधीच लावलेली असते. सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) टाकलं की सगळं आयजीएम तिथे अडकतं, मग डेंग्यूचं अँटिजन, म्हणजे अँटीबॉडी ज्याला धरते ते व्हायरसचं प्रोटीन टाकायचं, ते फक्त डेंग्यूविरुद्धच्या आयजीएमला धरतं, मग त्या अँटिजनला पकडणारी आणखी एक अँटीबॉडी, तिच्यावर एन्झाइम, आणि शेवटी रंग. आधी निळा होतो, ॲसिड टाकलं की पिवळा, आणि तो 450 नॅनोमीटरला मोजायचा. मधल्या प्रत्येक पायरीला धुवायचं. हे धुणं कंटाळवाणं वाटतं पण सगळा जीव त्यातच आहे. एकदा आमच्या वॉशरची एक नळी चोंदली होती आणि एका आडव्या ओळीतल्या बाराच्या बारा वेल्स पिवळ्याजर्द आल्या. सीनियर मॅडमनी प्लेटकडे नुसतं बघून विचारलं, एकाच ओळीत सगळे पॉझिटिव्ह कसे असतील? परत लावलं तर खरे 3 निघाले. तेव्हापासून मी मशीनचा आकडा वाचायच्या आधी प्लेट हातात धरून बघतो.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, इम्युनिटी. यासाठी फिलिपिन्समध्ये जे घडलं ते सांगावंच लागेल, कारण कुठलं प्रोटीन मोजायचं या एका निर्णयाला किती किंमत असते ते मला त्यातून कळलं.

डेंग्यूचे 4 प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून बहुतेक कायमचं संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. 1960 च्या दशकात बँकॉकमध्ये काम करताना स्कॉट हॉलस्टेड यांनी यावर लक्ष वेधलं. जुन्या अँटीबॉडी नव्या प्रकाराला धरतात पण निकामी करू शकत नाहीत, उलट ज्या पेशी अँटीबॉडी लागलेली वस्तू गिळतात त्याच पेशींत व्हायरसला आयतं आत घेऊन जातात. सहा-नऊ महिन्यांच्या बाळांना पहिल्याच डेंग्यूत गंभीर आजार होतो तो यामुळेच, आईकडून आलेल्या अँटीबॉडी तोवर उतरून मधल्याच पातळीला आलेल्या असतात. 2017 मध्ये निकाराग्वातल्या साडेसहा हजारांहून जास्त मुलांच्या रक्तावरून हेच आकड्यांत दिसलं: अँटीबॉडीचं टायटर (रक्त किती पट पातळ केलं तरी अँटीबॉडी सापडते ते माप) 1:21 ते 1:80 या पट्ट्यात असेल तर धोका वाढतो, त्याहून बरंच जास्त असेल तर संरक्षण मिळतं. अँटीबॉडी आहे म्हणजे आपण सेफ, हे कोविडच्या काळात प्रत्येकाच्या तोंडी झालेलं वाक्य डेंग्यूला लागू नाही, प्लीज हे लक्षात ठेवा.

तर 2015 च्या डिसेंबरमध्ये डेंगव्हॅक्सिया ही सानोफी कंपनीची डेंग्यूची लस मेक्सिकोत पहिल्यांदा मंजूर झाली, आणि 2016 च्या एप्रिलपासून फिलिपिन्सने शाळांमधून ती द्यायला सुरुवात केली, 8 लाखांहून जास्त मुलांना दिली गेली. ट्रायलमध्ये दिसलं होतं की लहान वयाच्या मुलांत, लस घेतलेलीच जास्त ॲडमिट होतायत, म्हणून 9 वर्षांच्या पुढे द्यायचं ठरलं. पण खरा मुद्दा वयाचा होता, का त्या मुलांना आधी कधी डेंग्यू झालेलाच नव्हता हा होता? हे तपासायला लस द्यायच्या आधीचं रक्त हवं, आणि ते मोजक्याच मुलांचं घेतलेलं होतं. सगळ्यांचं रक्त होतं ते ट्रायलच्या 13 व्या महिन्याचं, म्हणजे तिसऱ्या डोसनंतरचं, आणि तेव्हा नेहमीची अँटीबॉडी टेस्ट केली तर लस घेतलेली बहुतेक मुलं पॉझिटिव्हच येणार, मग लसीची अँटीबॉडी कुठली आणि जुन्या डेंग्यूची कुठली हे वेगळं करायचं कसं?

इथे एनएस1 कामाला आलं. ही लस पिवळ्या तापाच्या जुन्या लसीच्या व्हायरसवर बांधलेली होती, त्याच्यावर डेंग्यूची फक्त वरच्या आवरणाची दोन प्रोटीन बसवलेली, आतलं सगळं पिवळ्या तापाचं. म्हणजे लसीत डेंग्यूचं एनएस1 नव्हतंच! त्यामुळे ज्याच्या रक्तात डेंग्यूच्या एनएस1 विरुद्ध आयजीजी सापडेल त्याला खरा डेंग्यू होऊन गेलाय, लसीमुळे ते येणार नाही. दोन्ही व्हायरसचं एनएस1 थोडं मिळतंजुळतं असल्याने काही गल्लत होऊ शकत होती, म्हणून हिशोब वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहिला गेला आणि उत्तर एकाच दिशेचं आलं. ज्यांना आधी डेंग्यू झालेला होता त्यांना लसीने वाचवलं, आणि ज्यांना कधीच झालेला नव्हता त्यांच्यात लसीनंतर ॲडमिट होण्याचा आणि गंभीर आजाराचा धोका वाढला. लसीनेच त्यांच्या बाबतीत पहिल्या डेंग्यूसारखं काम केलं होतं.

2017 च्या नोव्हेंबरमध्ये हे जाहीर झालं, फिलिपिन्सने मोहीम थांबवली, 2019 मध्ये परवानाही रद्द केला. दरम्यान तिथल्या आईवडिलांचा लसींवरचा विश्वास इतका खाली आला की बाकीच्या लसीही मागे पडल्या, आणि 2019 मध्ये गोवराची मोठी साथ आली. मला हे वाचताना दर वेळी वाटतं की सगळ्या मुलांचं एक-एक ट्यूब रक्त आधी काढून फ्रीझरमध्ये ठेवलं असतं तर हे किती आधी कळलं असतं.

आपल्याकडे 2024 च्या ऑगस्टपासून पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआरची डेंग्यूच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल सुरू झाली. ती लस वेगळ्या धाटणीची आहे, तिच्यात डेंग्यूची आतली प्रोटीनही आहेत, एनएस1 धरून. शरीराला व्हायरसची जास्त ओळख होते हा त्याचा फायदा, पण एनएस1 बघून लस आणि आजार वेगळा करायची ती युक्ती इथे चालणार नाही. म्हणजे प्रत्येक नव्या लसीला परत पहिल्यापासून विचार करायचा की कुठलं प्रोटीन मोजलं तर आपल्याला हवा तो फरक दिसेल. तुमच्या मुलीला जे काम करायचंय ते साधारण हे.

डेंग्यू सोडूनही बरंच आहे. टीबीच्या रक्ततपासणीत जंतू शोधतच नाहीत, पेशंटच्या रक्ताला टीबीची ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही दोन प्रोटीन दाखवतात आणि टी पेशी (इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन गॅमा हे प्रोटीन सोडतात का ते मोजतात. ही दोन्ही बीसीजीच्या लसीत नाहीत, म्हणून बीसीजी टोचलेला माणूस त्यात उगाच पॉझिटिव्ह येत नाही. मोठ्या लॅबमध्ये आता माल्डी-टॉफ मशीन असतं, त्यात कल्चरवरची एक कॉलनी ठेवली की तिच्या प्रोटीनच्या वजनांवरून काही मिनिटांत बॅक्टेरियाचं नाव येतं, पूर्वी त्याला एक-दोन दिवस सहज जायचे.

पुण्यात एनआयव्ही आहे, एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आहे, आयआयटी मुंबईत प्रोटिओमिक्सची, म्हणजे एकाच वेळी ढीगभर प्रोटीन मोजायची लॅब आहे जिथे मलेरियाच्या पेशंटच्या सीरमवर काम झालंय. पण आधी तिला एखाद्या साध्या हॉस्पिटलच्या सीरॉलॉजीत ऑगस्ट ते नोव्हेंबर काम करू द्या, पगार कमी मिळेल तरी. तिथे सॅम्पलच्या नळीवर आजाराचा कितवा दिवस ते लिहिलेलं नसतं, वॉर्डात फोन करून विचारावं लागतं, आणि तो फोन करायची सवय लागली की पुढचं सगळं तिला नीट जमेल. एमएस्सीच्या ॲडमिशनचं काही विचारायचं असेल तर खाली लिहा, मी रात्री नऊनंतर उत्तर देतो.