सहा खोडलेले कागद

“माझी मुलगी मत्सरी आहे का हो?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक आल्या आल्या विचारत नाहीत. आधी झोप, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणं असं सगळं सांगून होतं आणि मग निघताना दाराशी हे वाक्य बाहेर पडतं. या आईंचंही तसंच झालं.

मुलगी सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलेलं. (तिच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्गशिक्षिकांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याचं नाव निघेल त्या वर्गमित्राविषयी पानभर लिहायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचं. हिच्या हाती ‘तो’ आला. व्हायोलिन उत्तम वाजवणारा, गणितात पहिला, धावण्यात पदकं मिळवणारा आणि वर स्वभावानंही चांगला. “निदान शिष्ट तरी असायचा होता!” ती म्हणाली. मला हसू आवरलं नाही. मग तीही हसली.

तिनं सहा कागद आणले होते. पाच कागदांची सुरुवात ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ अशी. तिसऱ्यावर ‘दैवी देणगी’ हे शब्द इतक्या जोरात खोडले होते की तिथे कागद फाटला होता. सहाव्यावर एकच ओळ होती, ‘तुझ्याबद्दल मी काय लिहू?’ मला तो सहावा त्यातल्या त्यात बरा वाटला.

पहिल्या भेटीत मी चुकले. “तुलना करू नकोस, प्रत्येक जण वेगळा असतो,” हे आमच्या धंद्यातलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य मी तिला ऐकवलं. तिनं शहाण्यासारखी मान हलवली. पुढच्या वेळी आल्यावर म्हणाली, “मॅडम, मी तुलना करत नाही हो. ती होते.”

खरंच होते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की, स्वतःला जोखायला हाताशी मोजपट्टी नसली की माणूस दुसऱ्याकडे पाहून स्वतःला ताडतो, आणि तेही बहुधा आपल्यासारख्याच कुणाकडे पाहून. जगप्रसिद्ध वादक आपल्याला सलत नाही. त्याच वयाचा, त्याच शिक्षकांकडे शिकणारा, दोन बाकं सोडून बसणारा सलतो.

मग मी त्याचे गुण एकेक करून विचारले. गणित? “येऊ दे त्याला.” धावणं? “मला तर जिना चढवत नाही.” व्हायोलिन? ती खिडकीबाहेर बघायला लागली. पाच वर्षं पियानो शिकून तिनं पंधराव्या वर्षी सोडला होता, अभ्यासासाठी. घरात तो विषय संपला होता. तिच्या मनात नव्हता संपला. एब्रहॅम टेसर यांनी नेमकं यावरच काम केलं आहे: जवळचा माणूस आपल्याला रस नसलेल्या गोष्टीत चमकला तर अभिमान वाटतो, आपला जीव गुंतलेल्या गोष्टीत चमकला तर टोचतं.

आईंना मी सांगितलं, मत्सर नाही, हेवा आहे. शब्दांचा खेळ वाटेल, पण डच भाषेतही या भावनेला दोन वेगळे शब्द आहेत, आणि नील्स व्हॅन डी व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की एकात ‘मलाही तसं जमावं’ अशी ओढ असते, तर दुसऱ्यात ‘त्याचं बिघडावं’ अशी. या मुलीला त्याचं काही बिघडायला नको होतं. आणि हो, पियानोबद्दल तिला आत्ता काही विचारू नका, असंही बजावलं.

तिला म्हटलं, पान लिहूच नकोस. तू स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं तेवढं सांग. बक्षिसं नकोत.

थोडा वेळ गेला आणि मग ती बोलत सुटली. मधल्या सुट्टीत ती संगीताच्या खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर वाचत बसायची. आत तो एकच छोटा तुकडा वाजवायचा, त्याच जागी अडखळायचा, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तिनं मोजलं, १९ वेळा. त्याच्या डाव्या जबड्याखाली एक तपकिरी डाग आहे, तो तिला जन्मखूण वाटायचा. मी सांगितलं की बराच काळ व्हायोलिन वाजवणाऱ्यांना वाद्याच्या दाबानं, घासण्यानं तिथे असा डाग पडतो. ती गप्प झाली. मग म्हणाली, तालमीत एक लहान मुलगा गाताना ओळ विसरला, तेव्हा यानं गज न उचलता शेवटचा सूर लांबवत नेला, तो पोरगा सावरेपर्यंत. “कुणाच्या लक्षातच आलं नाही.”

“तुझ्या आलं की.”

‘देणगी’ शब्दावर तिची पेन्सिल का अडत होती ते तिला आता कळलं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम गटानं वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ७,४१० तास एकट्यानं सराव केला होता. नुसत्या सरावानं कुणीही काहीही होतं असं मी मानत नाही. पण देणगी म्हटलं की त्या १९ वेळा पुसल्या जातात.

“पण मला हेवा वाटतो आणि मी कौतुक करायचं, हा दांभिकपणा नाही का?”

“हेवा संपायची वाट बघशील तर शाळा आधी संपेल,” मी म्हटलं. पाहिलेलं खरं आहे ना, मग कौतुकही खरं.

“त्याला विचित्र वाटेल.” यावर मी तिला २०१८ सालचं अमित कुमार आणि निकोलस एपली यांचं संशोधन सांगितलं: कृतज्ञतेचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा ते मिळणाऱ्याला खूपच कमी अवघडल्यासारखं होतं आणि आनंद जास्त होतो. “ते मोठी माणसं असतील, आमच्या वर्गातली नाहीत,” ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. मी वाद घातला नाही.

पान तिनं एका बैठकीत लिहिलं. ‘अष्टपैलू’ कुठेच नव्हतं. पहिली ओळ होती, ‘मी एकदा मोजलं होतं.’ वाचताना आवाज कापला, दोन मुलं हसली, तिनं तसंच शेवटपर्यंत वाचलं.

नंतर तो तिच्या बाकाशी आला. आभार वगैरे राहिलंच. “तू बाहेर बसून ऐकायचीस?” त्यानं विचारलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “ती जागा अजून चुकते माझी.”