तलावाचा मासा, लाल चट्टे आणि घरची विळी

प्रश्न : ताई, सासरे रिटायर झाल्यापासून गळ घेऊन पवई तलावावर बसतात आणि चिलापी नाहीतर रोहू घेऊन येतात. परवाच्या दोन माशांच्या पोटावर लाल चट्टे होते, मी करायला नाही म्हटलं तर म्हणाले लिंबू-मीठ लाव, तळल्यावर सगळं मरतं. तलावात गटाराचं पाणी येतं हे तर सगळ्यांना माहितीये. कोणाचं खरं? – एक सून, मुंबई

उत्तर : अर्धं त्यांचं, अर्धं तुमचं, आणि हे घरात कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

पवई तलाव १८९१ साली मुंबईला प्यायचं पाणी द्यायला बांधला होता, आज ते पाणी पिण्याखेरीजच्याच कामाला जातं. सांडपाण्याबरोबर माणसाच्या आतड्यातले ई. कोलायसारखे बॅक्टेरिया येतात. नुसत्या आंघोळीच्या पाण्यातसुद्धा १०० मिलीमागे मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे ई. कोलायसारखे बॅक्टेरिया, २५०० च्या वर नकोत असा नियम आहे. मासा थंड रक्ताचा, त्याच्या पोटात हे जंतू मुळात नसतात, पण तो तेच पाणी तोंडाने घेतो, कल्ल्यांतून सोडतो, त्यातलंच खातो, म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या आतड्यात, कल्ल्यांत आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात सापडतं. धडधाकट ताज्या माशाच्या मांसात मात्र ते जवळपास नसतात. तिथे ते आपण नेतो, साफ करताना.

आतडं फुटतं, हात तसेच नळाला लागतात, विळी नुसती पाण्याखाली धरली जाते आणि मग तिच्यावरच काकडी चोचवली जाते. मासा तव्यावर जातो, कोशिंबीर जात नाही ना! मासे खाऊन पोट बिघडलं असं कोणी म्हणालं की मला आधी कोशिंबिरीचा संशय येतो. विळी साबणाने घासायची, मासे शेवटी कापायचे.

लिंबाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण जंतू त्याने जात नाहीत. फ्रीजरमध्येही बरेचसे तग धरून राहतात. तळताना काट्यालगतचं मांस पांढरं होऊन सुटलं पाहिजे, जाड तुकडी बाहेरून कुरकुरीत आणि आत कच्ची राहते बऱ्याचदा.

आता चट्टे. एरोमोनास नावाचे बॅक्टेरिया गोड्या पाण्यात असतातच, मासा अशक्त झाला किंवा खरचटला की तेच उलटतात, अंगावर लाल डाग, कल्ल्याजवळ रक्त, पर झिजलेले, कधी पोट फुगलेलं. अशाच जखमांचा एक बुरशीसारख्या जिवाने होणारा रोगही आहे, भारतात १९८८ पासून, मरळ त्याला फार बळी पडतो. असा मासा घरी आणूच नये, कारण त्याचं मांस स्वच्छ असेल हे गृहीत धरता येत नाही.

आणि सासऱ्यांचा ‘सगळं मरतं’ हा मुद्दा इथे संपतो : गटाराबरोबर जड धातू येऊ शकतात, हिरव्यागार पाण्यातल्या शेवाळाचं विषही असू शकतं, ही दोन्ही तळून जात नाहीत. माझं मत विचाराल तर गळाची हौस राहू दे, मासा परत सोडून द्यावा, खायचा बाजारातून आणावा. आणि चिलापीच्या पाठीचा काटा बोटात गेला आणि तिथली गाठ महिनाभर बरी झाली नाही तर डॉक्टरांना ‘मासे हाताळतो’ हे आवर्जून सांगायचं, माशांकडून येणारा एक जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही.

प्रश्न : गावच्या तळ्यात पहाटे मासे मरून तरंगतात. लोक म्हणतात कोणी विष टाकलं. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कोणी टाकलंच नसेल असं इथे बसून म्हणत नाही, पण पहाटेची वेळ बघता आधी ऑक्सिजनवर शंका घ्या. तळ्यात सांडपाणी आलं की बॅक्टेरिया ते खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, रात्री ऊन नसल्याने शेवाळही तोच घेतं, मग उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी होतो. त्यावेळी जाऊन बघा, मासे वर येऊन तोंड वासत असतील तर बहुतेक हेच कारण. असे मेलेले मासे बाजारात येतात कधी कधी, म्हणून घेताना कल्ले उचलायचे, लाल नसून तपकिरी, चिकट दिसले तर टोपलीत परत ठेवायचे.