वाचकांचे प्रश्न: जुन्या गाडीची पहिली किक

प्रश्न: वडिलांची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० सात वर्षांपासून पोर्चमध्ये झाकून ठेवली आहे. लहानपणी तिच्या टाकीवर बसून बर्डीला जायचो, तो आवाज अजून कानात आहे. मेकॅनिक म्हणतो, धक्का मारून चालू करू. करू द्यावे का?
(एक वाचक, सक्करदरा)

उत्तर: मुळीच नाही. सात वर्षांत सिलिंडरवरचे तेल उतरून जाते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात. धक्का मारला की त्या कोरड्याच घासतात आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडतात. आधी प्लग काढा, भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचे) ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावता किक हातानेच हळूहळू दाबा. आठ-दहा वेळा सहज फिरली तर पुढचे काम. अडली तर जोर करू नका, हेड उघडावे लागेल.

मग टाकी. जुने पेट्रोल सगळे काढा आणि पेट्रोलच्या कॉकची जाळी बघा. तिच्यावर तपकिरी चिकटा किंवा गंजाची पूड असेल तर टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटर उघडण्यात अर्थ नाही, आठवडाभरात पुन्हा तुंबेल. या मिकुनी कार्बोरेटरच्या पायलट जेटचे, म्हणजे संथ चालीला पेट्रोल देणाऱ्या नळीचे, भोक केसाएवढे असते. मेकॅनिक त्यात तार खुपसू लागला तर हात धरा. भोक मोठे झाले की गाडी कायम पेट्रोल जास्त पिते. क्लीनर मारायचा, हवेने फुंकायचे. कार्बोरेटरचा एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा) पूर्ण बसवून साधारण दीड आटा सैल करा, तिथून पुढे कान लावून.

खरा धोका ऑइल पंपाचा. या गाडीत ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने जाते. कोरड्या नळीत हवा भरलेली असते. गाडी सुरू होते, मस्त पळते आणि दोन-चार किलोमीटरवर पिस्टन जाम! पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) उघडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. शिवाय पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल घाला. धूर होईल, शेजारी बोलतील, बोलू द्या.

राहिल्या क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, दोन्ही टोकांच्या सील. आरएक्स १०० निघाली १९८५ ते १९९६ मध्ये, त्यामुळे जुन्या सीलचे रबर आता काचेसारखे कडक झालेले असते. क्लचकडची सील गेली तर गिअरचे तेल आत ओढले जाते, धूर थांबत नाही आणि तेलाची पातळी उतरत राहते. मॅग्नेटकडची (दुसऱ्या बाजूची) गेली तर उलटे होते. बाहेरची हवा आत शिरते, मूठ सोडली तरी इंजिन चढेच राहते. नागपूरच्या मे महिन्यात अशी गाडी वर्धा रोडला नेणे म्हणजे पिस्टनवर पाणी सोडणे. दोन्ही सील एकदमच बदला.

प्रश्न: भाऊ, उजव्या गिअरची जुनी बुलेट आहे. किक अशी उलटते की पाय सुजून येते. माझे वजन कमी पडते का?
(एक वाचक, कामठी)

उत्तर: वजनाचा संबंध नाही, काट्याचा आहे. चावी फिरवा आणि अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघत किक हळू दाबा. कडक लागली की थांबा. डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढा आणि काटा मध्यावर येईपर्यंत किक अगदी थोडी पुढे ढकला. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे) उघडले आणि पिस्टन नुकताच माथा ओलांडून गेला. लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि आता शेवटपर्यंत मारा, मध्येच पाय उचलू नका. अर्धवट किकच उलटते. एवढे करूनही उलटली तर पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे का ते फिलर गेजने (फट मोजायच्या पत्तीने) पाहा. त्यामागच्या ॲडव्हान्सच्या वजनांची (वेगाप्रमाणे ठिणगी पुढे आणणाऱ्या) स्प्रिंगही तपासा. ती ढिली पडली की ठिणगी वेळेआधीच पडते. आणि चप्पल घालून किक मारू नका.

प्रश्न: एमएच-३१ (नागपूर) नंबरच्या जुन्या गाडीची आरसी संपली आहे. आधी रंग द्यावा की नूतनीकरण?
(एक वाचिका, प्रतापनगर)

उत्तर: नूतनीकरण आधी. १५ वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठी होते. फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी. तपासणीत चेसिस नंबर वाचता यायला हवा. पावडर कोटिंगवाले तो थराखाली बुजवून टाकतात, मग फेऱ्या सुरू होतात.

प्रश्न: येझदी रोडकिंग घेऊन रामटेकला निघालो की मनसरच्या अलीकडे बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. ऊन लागते का तिला?
(एक वाचक, मानकापूर)

उत्तर: बंद पडताच टाकीचे झाकण उघडा. सुस्स आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली तर झाकणातले हवेचे छिद्र तुंबले आहे. आत हवा जात नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. छिद्र साफ करा, खर्च शून्य. आवाज आला नाही तर तिथेच दुसरा प्लग कॅपला लावून त्याची लोखंडी बाजू हेडच्या फिनला टेकवा आणि किक मारा. प्लगचे भोक उघडे ठेवू नका, बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेटू शकते. ठिणगी जाड आणि निळी हवी. पिवळी, बारीक असेल तर गरम झाल्यावर कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल दगा देते. कंडेन्सर स्वस्त आहे, तो आधी बदला. ही चाचणी घरी थंड गाडीवर करून उपयोग नाही, म्हणून जास्तीचा प्लग आणि पाना सोबत ठेवा.