जुन्या अँबेसिडरचं इंजिन चढावर टकटक करतं, कोणता स्पार्क प्लग टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७४ ची मार्क टू अँबेसिडर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. एप्रिलमध्ये ट्युनिंग करून आणली आणि तेव्हापासून नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घेताना इंजिनातून बारीक, पत्र्यासारखी टकटक ऐकू येते. कधीकधी चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार आचके देतं. मेकॅनिक म्हणतो आजकालचं पेट्रोल हलकं आहे, थंड प्लग टाका. दुकानदार म्हणतो इरिडियम टाका.

तूर्तास दोघांचंही ऐकू नका. प्लगचे पैसे खिशात ठेवा आणि आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासा. ‘ट्युनिंग करून आणल्यापासून’ हे तुम्हीच लिहिलंय, आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

पेट्रोलचा मुद्दा आधी संपवू. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, आजच्या गाड्यांच्या मानाने बरंच कमी, आणि ते इंजिन आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनच्या (टकटक रोखण्याची ताकद कमी असलेल्या) पेट्रोलवर आयुष्यभर चाललं. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९५ असावं असं मानक आहे. म्हणजे नॉकिंगच्या, याच टकटकीच्या, बाबतीत पेट्रोल उलट भारी झालंय. जास्तीचे पैसे मोजून प्रीमियम पेट्रोल भरण्यात अर्थ नाही. मात्र इथेनॉलची दुसरी बाजू आहे, तिच्याकडे नंतर येतो.

टकटक होते ती अशी. ठिणगी पडल्यावर ज्वाळा सिलिंडरभर पसरत जाते. पुढे उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णता सहन न होऊन ज्वाळा पोहोचायच्या आत एकदम स्वतःच पेटतं. ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली की दाब लवकर चढतो आणि हे हमखास होतं. त्यात बाहेर ४५ डिग्री असेल तर कार्बोरेटरमध्ये जाणारी हवाच तापलेली असते. जानेवारीत मुकाट्याने चालणारी गाडी मे महिन्यात नागपुरात बोलू लागते ती म्हणूनच.

ट्युनिंगमध्ये बहुधा नवे सीबी पॉइंट बसवले असतील, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागातले) ते संपर्क, जे उघडले की ठिणगी पडते. पॉइंटची गॅप जास्त ठेवली की पॉइंट लवकर उघडतात आणि डिस्ट्रिब्युटरला हात न लावताही टायमिंग पुढे जातं. म्हणून क्रम चुकवू नका: आधी गॅप, मग टायमिंग. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला साधारण ०.३५ ते ०.४० मिमी गॅप लागते. नंतर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून, पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या डिग्रीवर ठेवून, टेस्ट लॅम्पने पॉइंट नेमके कुठे उघडतात ते पाहा. बरेच मेकॅनिक कानाने टायमिंग लावतात: डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, आयडलिंग वाढलं की तिथे कसायचा. त्यात गाडी उभ्या जागी गुळगुळीत चालते आणि चढावर बोंब मारते. टायमिंग मागे घ्यायचं असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डिस्ट्रिब्युटरचं अंग फिरवा, पण अगदी केसभर. मग त्याच चढावर त्याच गिअरमध्ये घेऊन बघा. जास्त मागे गेलं तर पिकअप मरतो आणि इंजिन तापतं.

तेवढ्यात रोटर हाताने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगच्या जोरावर झटकन मागे आला पाहिजे. ढिला राहिला तर आतल्या वजनांच्या स्प्रिंगा गेल्या आहेत आणि मधल्या वेगातच अ‍ॅडव्हान्स भरमसाट येतोय, म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय. जुन्या अँबेसिडरला कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असणं यात नवल नाही, तेही पाहून घ्या. डिस्ट्रिब्युटरला जोडलेलं व्हॅक्युम युनिट इंजिनाच्या व्हॅक्युमच्या ओढीने टायमिंग पुढे नेतं. त्याची गोष्ट सोपी आहे: पॅडल पूर्ण दाबलं की व्हॅक्युम पडतं, म्हणून पूर्ण दाबून चढतानाची टकटक व्हॅक्युम युनिटमुळे नसते. हलक्या पॅडलवर वर्धा रोडने निवांत जाताना आवाज आला, तर मात्र त्याच्यावर संशय घ्या.

आता इथेनॉल. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ च्या आसपास, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आजच्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. तुमच्या कार्बोरेटरला त्याची खबरच नसते, म्हणून जुन्या सेटिंगवर इंजिन सात-आठ टक्के कोरडं (हवेच्या मानाने इंधन कमी) चालतं, आणि कोरडं मिश्रण गरम चालतं. एसयू कार्बोरेटर असेल तर परीक्षा घरीच होते. इंजिन नीट तापू द्या, आयडलिंगवर कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचला. आवाज चढून तसाच राहिला तर मिश्रण श्रीमंत (इंधन जास्त), इंजिन बंद पडू लागलं तर कोरडं, आणि किंचित चढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. कोरडं असल्यास खालच्या नटाने जेट थोडी खाली घ्या. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत नाही ना, हे त्याआधी बघा, नाहीतर दिवसभर जेट फिरवत बसाल.

चावी काढल्यावरचे आचके वेगळी गोष्ट सांगतात. ठिणगी नसतानाही मिश्रण पेटतंय, म्हणजे आत काहीतरी लाल तापलेलं आहे: कार्बनचा थर, एखादी धार किंवा फार गरम प्लग. आयडलिंग उगाच वाढवून ठेवलं असलं तरी असं होतं, ते कमी करणं फुकट आहे. गाडी वर्षानुवर्षं फक्त गल्लीबोळात फिरली असेल तर हेड खोलून कार्बन काढावा लागेल. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत असाल तर बंद करा राजेहो. आपल्याकडच्या जड पाण्याने ब्लॉकच्या आत क्षार बसतो, आणि तापमानाचा काटा मध्यावर असला तरी सिलिंडरची भिंत आतून भाजत असते.

एवढं झालं की मग प्लग. ‘थंड’ आणि ‘गरम’ याचा ठिणगीच्या ताकदीशी संबंध नाही. प्लगचं टोक आपली उष्णता किती वेगाने हेडला देतं, एवढाच तो फरक. टोक साधारण ४५० डिग्रीच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते, ८५० च्या पुढे गेलं तर तेच मिश्रण पेटवू लागतं. गरजेपेक्षा थंड प्लग शहरातल्या चालवण्यात काळा पडतो आणि मिसिंग सुरू होतं.

खरी फजिती आकड्यांची. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आजच्या आकड्यांत उलटं, मोठा तितका गरम. आणि जुन्या मायकोच्या, म्हणजे आपल्या बॉशच्याच, जुन्या पद्धतीत डब्ल्यू १७५ पेक्षा डब्ल्यू २२५ थंड. तो १७५ आजच्या ७ च्या जवळ येतो, २२५ आजच्या ५ च्या. जुनं मॅन्युअल हातात धरून आजचा डबा निवडणारे इथेच फसतात.

दुसरं म्हणजे चुडीची, प्लगच्या आट्यांची, लांबी. एनजीकेच्या बीपी६ईएसमधला ई म्हणजे १९ मिमी, त्याजागी एच असेल तर १२.७ मिमी. दोन्ही प्लग १४ मिमीच्या भोकात सहज बसतात, म्हणून दुकानदार ‘चालतंय’ म्हणतो. आखूड प्लग टाकला तर हेडच्या उघड्या चुड्यांत कार्बन भरतो. लांब टाकला तर बाहेर आलेल्या चुड्या तापून लाल होतात, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनला लागतात. तुमच्या इंजिनाला १९ मिमी आणि बीपी६ईएसच्या तोडीचा साधा कॉपर प्लग पुरे, गॅप ०.६ मिमीच्या आसपास. इरिडियमने नुकसान नाही, पण तो जास्त काळ टिकतो एवढंच. टकटक त्याने थांबत नाही. नवा प्लग हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा फेरा.

टायमिंग, मिश्रण आणि पाणी ठीक करूनही टकटक राहिली, तर एक पायरी थंड, म्हणजे एनजीकेचा ७, टाकून पाहा. त्याआधी एक काम करा: चढावर जोर असतानाच चावी बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी कडेला घ्या. मागे रहदारी नसताना, आणि ब्रेक-स्टिअरिंगवर ताबा ठेवूनच. आयडलिंगवर न ठेवता प्लग थंड झाल्यावर काढा आणि चारही टोकांचा रंग इथे लिहा. फिकट तपकिरी असेल तर प्लग बरोबर आहे. पांढरं, फोड आलेलं असेल तर पुन्हा कार्बोरेटरकडे. आणि पोर्सेलिनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसले तर तो पिस्टनचा चुरा आहे. त्यानंतर टायमिंग दुरुस्त होईपर्यंत चढ घेऊच नका.